कुजबुजीपुरती जागा

“त्रिशला, येत्या एकोणीस तारखेला माझा गळा एकोणीसशे एक सालात जाणार आहे म्हणे,” अप्पा फोनवर म्हणाले. “तिकडे कुणाला काही निरोप द्यायचा असेल तर सांगून ठेव.”

त्रिशला पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होती. शेतीपंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची, आणि २०३८ साल उजाडल्यापासून तिथे सगळ्यांचीच धावपळ चालली होती. अप्पांचा विनोद तिला लगेच कळला. म्हणूनच तिला हसू आलं नाही.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“आमच्या गळेवाल्यांच्या ग्रुपवर आलंय. म्हटलं घरात त्या विषयातला माणूस असताना बाहेर कशाला विचारा.”

“मी निघते,” ती म्हणाली.

“अगं, अजून बरेच दिवस आहेत.”

“नाहीत, अप्पा.”

अप्पा म्हणजे भूपाल मगदूम, जयसिंगपूरच्या शाळेतले गणिताचे निवृत्त शिक्षक. सहा वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं आणि त्या जागी बोटाच्या पेराएवढं एक यंत्र बसवलं गेलं. त्या यंत्राला दोन कामं होती. मेंदूकडून गळ्याकडे निघालेले बोलण्याचे संदेश पकडून त्यांचा आवाज करायचा, हे एक. आणि घास गिळताना श्वासनलिकेवरची झडप मिटायची, हे दुसरं. शस्त्रक्रियेच्या आधी महिनाभर त्रिशलाने अप्पांना समोर बसवून त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता. त्यामुळे यंत्र बोलायचं ते अप्पांच्याच आवाजात. शेजाऱ्यांना फरक सांगता येत नसे.

आता १९०१ ची भानगड काय, ते समजून घेऊ. जुन्या यंत्रांतलं घड्याळ तारीख-वार जाणत नाही. १९७० सालच्या एक जानेवारीपासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा ते वाढवत नेतं. तो आकडा ठेवायला बत्तीस खणांची एक फळी असते. प्रत्येक खणात शून्य किंवा एक. त्यातला पहिला खण आकडा अधिक आहे की उणे हे सांगायला राखून ठेवलेला. बाकीचे सगळे खण भरले, की पुढचा सेकंद त्या राखीव खणात सांडतो आणि आकडा एकदम उणे होतो. पुढे पुढे चाललेलं घड्याळ मागे उडी मारतं ते थेट १९०१ सालच्या डिसेंबरात. आपल्याकडे ही घटका येणार होती १९ जानेवारी २०३८ ला, सकाळी पावणेनऊच्या जराशी अलीकडे.

घड्याळ चुकलं म्हणून एरवी काही बिघडलं नसतं. पण झडपेला एक नियम घालून दिला होता. एकदा उघडलीस की थोडा वेळ पुन्हा मिटायचं नाही. नाहीतर माणसाला श्वास घ्यायला सवड मिळणार नाही. त्यासाठी ती शेवटची कधी उघडली, ती वेळ यंत्र आपल्या कायमच्या स्मृतीत ठेवत असे. त्या सकाळी स्मृतीत असणार २०३८, आणि घड्याळ सांगणार १९०१. झडप शिस्तीची होती. ती उघडीच राहून एकशे छत्तीस वर्षं वाट बघणार होती. तोवर प्रत्येक घास आणि प्रत्येक घोट श्वासनलिकेत उतरायला मोकळा.

यंत्र बनवणारी परदेशी कंपनी तीन वर्षांपूर्वी बंद पडली होती. नवं यंत्र बसवायचं तर पुन्हा भूल द्यावी लागणार, आणि अप्पांचं हृदय ती सोसेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. उरला एकच रस्ता. आतला प्रोग्रॅम बदलायचा.

*

“आलीस व्हय?” आई म्हणाली. “ते तुझं डबडं टेबलावर ठेवू नको. तिथं तीळ पसरलेत.”

आईचं नाव राजमती. काचबिंदूने तिची दृष्टी जाऊन दहाएक वर्षं झाली होती. घर तिला पाठ होतं, जीभ शाबूत होती. नवव्या गल्लीतल्या त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत अजून पाळली जात होती, त्यामुळे त्रिशला पोचली तेव्हा ताटं वाढलेलीच होती.

“घड्याळ मागं करून ठेव की सरळ,” आई भाकरी मोडत म्हणाली. “दहा वर्षं मागं. मीपण तरणी होईन.”

“केलं तरी शेवटची नोंद पुढचीच राहील, आई. झडप मग दहा वर्षं वाट बघेल.”

“बंद करून चालू केलं तर?”

“नोंद कायमची आहे. पुसत नाही.”

“मग करणार काय तू?”

“आधी कंपायलर बांधणार. क्रॉस कंपायलर.”

“बांधणार? गवंडी आहेस का?”

अप्पांनी पाण्याचा घोट घेतला. गळ्यात झडप मिटल्याचा बारीक आवाज झाला. शिकवायची संधी त्यांनी जन्मात सोडली नव्हती.

“राजमती, आपल्या गल्लीतले उपाध्ये आठवतात? आपण मराठीत सांगायचं, ते कन्नडात पत्र लिहून द्यायचे. पत्र लिहिलं जायचं जयसिंगपुरात, वाचलं जायचं अथणीला. इथं कुणाला ते वाचता आलं नाही तरी काही अडत नव्हतं. माझ्या गळ्यातल्या चिपची भाषा अशीच वेगळी. ती चिप इतकी लहान, की तिला स्वतःसाठी काही लिहून घेता येत नाही. म्हणून हिच्या लॅपटॉपवर लिहायचं आणि माझ्या गळ्यात वाचायचं.”

“म्हणजे त्रिशला उपाध्ये झाली.”

“नाही. त्या जातीची चिप आता कुणी बनवत नाही, म्हणून उपाध्येही मिळत नाहीत. ही आधी उपाध्यांना जन्म देणार.”

“या वयात?” आई म्हणाली.

त्रिशलाला हसावं लागलं. पण ताटातली भाकरी तशीच राहिली होती. तिचं लक्ष अप्पांच्या गळ्याकडे होतं.

*

कंपायलर बांधणं हे विरजणासारखं असतं. दही लावायला आधी थोडं दही लागतं. त्रिशलाने पहिल्यांदा एक कामचलाऊ कंपायलर बांधला, ज्याला धड काहीच येत नव्हतं. त्याच्याकडून लायब्ररी तयार करून घ्यायची, आणि मग ती लायब्ररी हाताशी धरून पुरता कंपायलर उभा करायचा. दर वेळी लॅपटॉप तासन्‌तास फिरत राही आणि कुठेतरी मध्येच एखादी चूक दाखवून थांबे. ती दुरुस्त करायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. त्या वेळात तिला बसवत नसे. ती माजघरातून अंगणात आणि अंगणातून माजघरात फिरत राही. आई म्हणे, “जातं आडवं पडल्यासारखं काय मध्ये मध्ये येतेस.”

खरी अडचण लायब्ररीची होती. सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा स्वतः फार थोडं जाणते. घड्याळ विचारणं, स्मृतीत जागा मागणं, लिहिलेला आकडा वाचणं ही कामं तिला येत नाहीत. ती तिची लायब्ररी करते. स्वयंपाक करणारी बाई दर भाजीला मोहरी शेतातून आणत नाही. मिसळणाच्या डब्यात हात घालते. प्रोग्रॅमसाठी लायब्ररी म्हणजे हा डबा. कंपनीने प्रोग्रॅमचा मूळ मजकूर खुला केला होता, पण तिने वापरलेला डबा दुसऱ्या कुणाच्या मालकीचा होता आणि तो बंदच राहिला. आणि घड्याळाचे ते बत्तीस खण नेमके त्या डब्यात होते.

म्हणजे डबा नवा घ्यायचा. चौसष्ट खणांचं घड्याळ असलेले दोन डबे त्रिशलापुढे होते. एक मोठा, नावाजलेला, वर्षानुवर्षं दवाखान्यांतल्या यंत्रांत तपासून झालेला. दुसरा छोटा, थोडक्या जागेत बसणारा, जिथे तिथे काटकसर केलेला.

तिने मोठा निवडला. कारण साधं होतं. गळा वडिलांचा होता.

तो बसला नाही. चिपवर जागाच तेवढी नव्हती. अप्पांचा आवाज पुरता काढून टाकला तर बसत होता. मग यंत्र चिपमध्ये कोरलेल्या आवाजात बोललं असतं. तो आवाज कारखान्यातूनच येई आणि वेगळी जागा घेत नसे. त्रिशलाने अप्पांना तो ऐकवला. स्वच्छ, भारदस्त, कुणाचाच नसलेला पुरुषी आवाज.

“हा बातम्या देणारा कोण आणलास घरात?” आईने आतून विचारलं.

“हा चालणार नाही,” त्रिशला स्वतःशीच म्हणाली आणि छोट्या डब्याकडे वळली.

छोटा डबा पहिल्याच दिवशी बसला. अप्पांचा सगळा आवाज राहून वर थोडी जागा उरली. चाचणीसाठी एक सुटं यंत्रही होतं. ग्रुपमधल्या इचलकरंजीच्या एका बाईंनी आपल्या दिवंगत यजमानांचं यंत्र पाठवून दिलं होतं. “माणूस गेला, यंत्र कुणाच्या तरी उपयोगी पडू दे,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्रिशलाने ते स्टीलच्या वाटीत ठेवलं, त्यात नवा प्रोग्रॅम भरला आणि अप्पांच्या गळ्यातून नोंदवून घेतलेले संदेश त्याला दिले. वाटीतून अप्पा अडीचकी म्हणू लागले. अडीच, पाच, साडेसात, दहा.

आवाज अप्पांचाच होता. त्रिशलाच्या खांद्यांवरचा ताण उतरला. “संध्याकाळी भरून टाकू,” ती म्हणाली.

“पुन्हा लाव,” अप्पा म्हणाले.

तिने लावलं. अप्पा डोळे मिटून ऐकत होते, वर्गात एखाद्याचा पाढा ऐकावा तसे.

“अर्धे कुठं गेले?” त्यांनी विचारलं.

“म्हणतंय की. अडीच म्हणतंय, साडेसात म्हणतंय.”

“शब्द म्हणतंय. बोलण्यातले अर्धे गेलेत. माणूस ‘साडेसात’ म्हणतो तेव्हा ‘सा’ दीड मात्रेचा असतो, दोन नाही आणि एक नाही. हे प्रत्येक अक्षराला एक नाहीतर दोन मोजतंय. शाळेत नवीन आलेलं पोर असंच मोजतं. त्याला अपूर्णांक माहीतच नसतो.”

“इस्त्री केलेला आवाज आहे,” आई म्हणाली. “तुमचा नाही.”

त्रिशलाने स्क्रीन ओढून घेतली. आवाजाची सगळी मापं एका फाइलीत दशांश चिन्हं देऊन लिहिलेली होती. छोटी लायब्ररी प्रत्येक आकडा चिन्हापर्यंत वाचत होती आणि पुढचं सोडून देत होती. काटकसर. लायब्ररी तयार करताना एक खुणेचा शब्द दिला नाही, तर ती अपूर्णांक वाचायचं काम गाळून टाकते. तो शब्द त्रिशलाने दिला नव्हता. पंपांना कधी गरज पडली नव्हती. पंप चालू असतो किंवा बंद.

मग तिला त्याच फाइलीतली शेवटची ओळ दिसली. घास गिळताना झडप मिटून ठेवायची ती दीड सेकंद. तिने वाटीतली झडप चालवून पाहिली. मिटली, आणि एक सेकंद होताच उघडली.

घास अर्ध्या वाटेत असताना.

तिने लॅपटॉप मिटला. ती हा प्रोग्रॅम संध्याकाळी जेवणाआधी भरणार होती.

“न येणं हा काही दोष नाही,” अप्पा वाटीतल्या यंत्राकडे पाहत म्हणाले. “येत नाही हे न सांगता पुढं वाचत जाणं, तो दोष. कितीदा छडी उगारली असेल मी त्यापायी.”

“तुम्ही त्याला काय बोलताय, अप्पा. चूक माझी आहे.”

“तुलाच बोलतोय. त्याच्या आडून.”

*

खुणेचा शब्द दिल्यावर अर्धे परत आले, झडप दीड सेकंद मिटू लागली. पण अपूर्णांक वाचायचं काम आलं ते आपलं सामान घेऊन आलं. उरलेली जागा गेली आणि आणखी हवी होती. त्रिशलाने दोन दिवस शक्य तिथे काटछाट केली. निदानाच्या सोयी काढल्या, इतर भाषांचे संदेश काढले. भागलं नाही. संक्रांत येऊन गेली. ग्रुपवर माणसं विचारत होती, ताई, झालं का? ती उत्तर देत नव्हती.

आणि मग तिला वाट सापडली. अप्पांचा आवाज यंत्रात दोन गाठोड्यांत ठेवलेला होता. एक उघड्या बोलण्याचं, एक कुजबुजीचं. कुजबूज म्हणजे हळू केलेलं बोलणं नव्हे. तिच्यात स्वर नसतो, नुसती हवा असते, म्हणून ती वेगळी रेकॉर्ड करावी लागते. ते गाठोडं काढलं की उघडा आवाज बसत होता. अर्ध्यांसकट.

जेवायला बसताना तिने सांगितलं. “जमलं. कुजबूज काढून टाकली, आता सगळं बसतंय.”

आईचा हात ताटात थांबला.

“काय झालं?” त्रिशलाने विचारलं.

“मग मला कोण सांगणार?” आई म्हणाली.

त्रिशलाला क्षणभर कळलंच नाही. ती हे दहा वर्षं पाहत आली होती आणि तिने कधी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आईची दृष्टी गेल्यापासून अप्पा जिथे जातील तिथे तिच्या उजव्या हाताला बसत आणि समोरचं जग तिच्या कानात सांगत. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आज मूर्तीपुढे कुठली फुलं आहेत. लग्नात कोणाची सून कोणाकडे बघत नाही. दारात आलेला माणूस हसतोय की नुसता हसल्यासारखं बोलतोय.

“मोठ्याने सांगतील की,” ती म्हणाली.

“बस्तीत? सगळे ध्यानाला बसलेले असताना?” आई म्हणाली. “की लग्नात? ‘राजमती, समोर तुझी जाऊ आलीय, गेल्या वेळेपेक्षा जाड झालीय आणि साडी तुझ्याच पसंतीची नेसलीय’, हे मोठ्यानं सांगायचं?”

“त्या कारखान्याच्या आवाजाला कुजबुजता येत नाही?” अप्पांनी विचारलं.

“नाही. तो फक्त उघडा बोलतो.”

“म्हणजे उघडं बोलायला दुसरा आवाज आहे. कुजबुजायला नाही.”

“अप्पा, नको,” त्रिशला म्हणाली. ते कुठे निघालेत हे तिला दिसलं होतं. “तुमचा आवाज आहे तो. मी रेकॉर्ड केलाय. तुम्हाला तेव्हा धाप लागायची, तरी आपण रोज बसायचो. मी पुण्यातून फोन करते तेव्हा पलीकडे तुम्ही असता. तो बातम्यांवाला मला हाक मारणार?”

“रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडे?”

“रेकॉर्डिंग मला जेवलीस का विचारत नाही.”

आई हात धुऊन उठली. “तिचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “मला काय, माहीत आहे सगळं जग. तेच ते. राहू दे.”

“बस,” अप्पा म्हणाले. आई बसली. ते तिच्या उजव्या हाताला सरकले आणि तिच्या कानाशी बोलू लागले.

त्रिशला समोरच होती. तिला नुसती हवा ऐकू येत होती, वाळल्या पानांवरून झाडू फिरवल्यासारखी. आईने मान हलवली, नाही म्हणून. अप्पा बोलत राहिले. आई एकदा काहीतरी पुटपुटली. मग तिचा चेहरा असा झाला, की त्रिशलाने नजर दुसरीकडे वळवली. आपल्या आईबापांमध्ये एक पूर्ण घर आहे आणि त्याचं दार आपण कधी पाहिलेलं नाही, असं तिला वाटलं.

“कुजबूज ठेव,” अप्पा उघड्या आवाजात म्हणाले.

“आणि मी?”

“तुला तुझं तुझं दिसतं, त्रिशला,” ते म्हणाले. “हिला नाही.”

*

अठरा तारखेला दुपारी त्रिशलाच्या लॅपटॉपवर दोन प्रोग्रॅम तयार होते. एकात उघडा आवाज होता, एकात कुजबूज. दोन्हीत घड्याळ बरोबर, अर्धे बरोबर, झडप बरोबर. वाटीतल्या यंत्रावर तिने दोन्ही तपासले होते.

अप्पा खुर्चीत बसले. यंत्राशी बोलणारा पट्टा तिने त्यांच्या गळ्याभोवती लावला. आई दाराला टेकून उभी होती.

आता फक्त तिलाच माहीत होतं, कुठल्या नावावर बोट ठेवायचं. कुजबूज शेवटी बसलीच नाही, मी खूप प्रयत्न केले, असं ती म्हणाली असती तर त्या घरात तपासणारं कुणी नव्हतं. ते वाक्य तिच्या मनात पूर्ण तयारही झालं. आई म्हणाली असती, राहू दे गं. अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला असता. आणि पुण्यातल्या फोनवर ते पुढेही जेवलीस का विचारत राहिले असते.

“बसेल ना?” अप्पांनी विचारलं.

त्यांचा आवाज. दीड मात्रेच्या ‘से’ सकट.

“बसेल,” ती म्हणाली आणि कुजबुजीवर बोट ठेवलं.

यंत्र बंद होऊन सुरू व्हायला वेळ लागला. त्या वेळात अप्पा तोंड उघडत होते आणि आवाज नव्हता. मग बातम्या देणारा माणूस स्वच्छपणे म्हणाला, “त्रिशला, झालं का?”

तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं ओट्यापाशी जमली. आईने उकळून गाळलेलं पाणी पेल्यात ओतलं. अप्पा म्हणाले, ती घटका गेल्यावर प्यायचं. त्रिशला म्हणाली, थोडं, घोटभरच. भिंतीवरचं घड्याळ पावणेनऊकडे सरकत होतं. ग्रुपवर कुणी काही लिहीत नव्हतं. आपल्याकडून बदललेला प्रोग्रॅम घेऊन इचलकरंजीत, बार्शीत, हुबळीत आणखी काही माणसं अशीच पाणी समोर ठेवून बसली असतील, हे तिला माहीत होतं. ज्याचा त्याचा आवाज भरता येईल असे दोन्ही प्रोग्रॅम तिने त्यांच्यासाठी आदल्या दिवशी घाईने पाठवून दिले होते.

घटका गेली. काही दिसलं नाही, काही वाजलं नाही.

अप्पांनी पेला उचलला. त्रिशला त्यांच्या गळ्याकडे वाकली.

टक्. मग थांबणं. तिने ते मनात मोजलं, एक, आणि एकावर अर्धा. टक्.

अप्पांनी श्वास घेतला. दुसरा घोट घेतला. मग आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. आई म्हणाली, “रडू दे की मग. तुम्ही कशाला बघताय तिच्याकडं.”

*

पुण्याला परतल्यावर त्रिशलाने ते काम ग्रुपवर नीट मांडून दिलं, म्हणजे ज्यांनी घाबरून अजून यंत्रं बंदच ठेवली होती आणि जे नळीने अन्न घेत होते, त्यांना आपापलं करून घेता यावं. कंपायलर कसा बांधायचा, छोटी लायब्ररी कशी घ्यायची, खुणेचा शब्द कुठे द्यायचा. तिच्या धंद्यात अशा कामात एक उत्तर आधीच भरून ठेवायची पद्धत असते. वापरणाऱ्याने काही सांगितलं नाही, तर ते चालतं. घड्याळासाठी, झडपेसाठी तिने तसं भरून ठेवलं. कुठला आवाज ठेवायचा, त्या जागी काहीच भरलं नाही. तिथे येऊन सगळं थांबे आणि विचारे. उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नसे.

लोक वैतागले. बार्शीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, “ताई, तुम्हीच ठरवून द्या ना काहीतरी. आम्हाला यातलं काय कळतं?”

तिने उत्तर दिलं, “घरी विचारा.”

स्वतः मात्र ती घरी फोन करत नव्हती. मेसेज करत होती. काम खूप आहे, नंतर बोलू, गोळ्या घेतल्या का. एका रविवारी आईचाच फोन आला.

“मेसेज करतेस. मला वाचता येतो का?”

“अप्पा वाचून दाखवतात ना?”

“दाखवतात. तुझे मेसेज वाचायला फार वेळ लागत नाही. घे, बोल त्यांच्याशी.”

“आई, आत्ता नको, मी जरा...”

फोन हातातून हातात गेला होता. “त्रिशला, कशी आहेस?” भारदस्त आवाजाने विचारलं.

“बरी आहे,” ती म्हणाली. परक्या माणसाला सांगावं तसं. तिला खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, मग फोन कशाला तरी घासल्याचं.

मग अगदी कानात, नुसती हवा.

“ऐक. तुझी आई समोर बसलीय. भडंग केलेत. सुपात घेऊन खडा बघतेय, म्हणजे मला तसं दाखवतेय. शेंगदाणे तेवढे वेचून खातेय. केस आज धुतलेत, उन्हाला पाठ केलीय. तुझी ती निळी शाल घेतलीय, मळली तरी धुवायला देत नाही.”

त्रिशलाने फोन दोन्ही हातांनी धरला. तो स्वर नव्हता, पण ‘शेंगदाणे’तला ‘शें’ जिथे रेंगाळायचा तिथेच रेंगाळला होता.

“काय कुजबुजताय तिच्या कानात?” लांबून आईचा आवाज आला. “माझं नाव घेतलंत ना?”

“हवामानाचा अंदाज देत होतो,” बातम्यांवाला ठणठणीत म्हणाला.

पलीकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“हसली,” अप्पांनी कानात सांगितलं.

त्रिशलाने दुसरा कान बोटाने बंद केला.

“पुढे सांगा,” ती म्हणाली.